मंगलीच्या झाडाचे पन्नास हजार

—नाई जी, म्युच्युअल फंडाचा फॉर्म मंग. आधी ते सव्वादोन टक्के कोनाच्या खिशात जातेत ते सांगा. हसू नका देवानंदभाऊ. मी फॉरेस्ट गार्ड होतो, तेहतीस वर्षं कुरखेड्याच्या जंगलात फिरलो — हसनारा मानूस बैलगाडीत काय दडवून राह्यला हे मले लांबूनच कळते. शंभर रुपये देल्ले का सव्वादोन तुमचं कमिशन, आनि फंडात जातेत पावने अठ्ठ्यान्नव — बरोबर? बरोबरच हाये, पेपरात वाचलं. आनि या दोन हजार आठच्या जानेवारीपासून नियम निघाला, का मानसानं सोताच फॉर्म भरून थेट कंपनीच्या हाफिसात धाडला तं ते कापतच नाईत — हे तुमी काऊन नाई सांगतलं? विसरले? बाप्पा! नेमकं तेवढंच कसं विसरतेत लोक! मंग तुमाले बलावलं काऊन म्हनता — फॉर्म कसा भरतेत ते पाहाले बलावलं. चहा पाजून राह्यलो ना, फुकट नाई बलावलं.

आनि दुसरं ते, ईटीएफ — शेअरबाजारात विकते तो फंड. त्याचं तं तुमी नावबी घेत नाई, कारन त्याच्यात तुमाले दमडी भेटत नाई. मी तीनदा वाचून समजून घेतलं. हे पाहा — फंडात सगळ्याईचा पैसा एका जागी, मुंबईचा कोनी साहेब ठरवते कोनती कंपनी घ्याची, आनि भाव निघते एकदाच, बाजार उठल्यावर. म्हंजे मी सकाळी पैसे देल्ले तं कोनत्या भावानं देल्ले हे मले संध्याकाळच्या नंतर कळनार! आनि ईटीएफ म्हंजे आपल्या डेपोतला सागवानाचा लिलाव — थप्पी समोर, बोली समोर, भाव दिवसभर कानावर. साहेबाची निवड नाई, पन्नास मोठ्या कंपन्या जश्याच्या तश्या. खर्चबी कमी. मले हेच पटत होतं. पन त्याले डिमॅट खातं पायजे, दलाल पायजे, कम्प्युटर पायजे — आनि इथी लाइट कवा जाते ते लायनमनलेबी मालूम नाई. बरं, घेतलं समजा. विकाच्या दिवशी घेनाराच नाई आला तं? लिलावात होते जी असं — बोलीच लागत नाई, लाकूड तिथीच सडते. फंडवाला निदान सोता वापस घेते. घेते ना? का तेबी खोटं?

मले कमिशनचं नका शिकवू. कमिशन हातात आलं का मानसाच्या तोंडातून काय-काय निघते ते मले चांगलं मालूम हाये. चौऱ्यान्नवमंदी ती सागवानवाली कंपनी आलती — एक झाड बारा हजाराले घ्या, वीस वर्षांनी लाख घ्या — तिच्या एजंटानं तं... कोन एजंट म्हंजे? तुमी फार खोदून विचारता बा. मीच. नोकरीत होतो म्हनून बायकोच्या, सत्यशीलाच्या नावानं. पन मी डोळे मिटून नाई पडलो! सोता गेलतो कंपनीची झाडं पाहाले. टेप लावून गोलाई मोजली, कवळं पान हातावर चोळलं — लाल रंग सुटला, अस्सल साग. झाड पारखता येते ना मले, म्हनूनच फसलो. दुसरा कोनी असता तं कागद तपासले असते. झाड खरंच होतं जी — तेच झाड किती जनाईले विकलं हे टेपानं कसं कळन?

अकरा जनाईनं माह्या शब्दावर घेतलं. दहा जन पगारवाले — मास्तर, क्लार्क — शिव्या घातल्या आनि गप बसले. अकरावा वारलू नावाचा, माह्या बीटावरचा रोजंदारीचा मजूर. त्यानं बैलजोडी विकून पोरीच्या नावानं झाड घेतलं. देवाजी गार्ड सांगून राह्यला तं खोटं कसं असन, म्हने. अठ्ठ्यान्नवले कंपनीच्या हाफिसाले कुलूप लागलं. आज सांगतो, उद्या सांगतो करत राह्यलो — आनि तो डोक्यात चढलेल्या मलेरियानं गेला. पोरीचं झाड वाढून राह्यलं हेच समजून गेला बिचारा. पोरगी मंगली, आठ वर्षांची होती तवा. आता अठराची झाली. दर पोळ्याले येते आनि विचारते — काका, आमचं झाड केवढं झालं? काय सांगू? तुमी काय सांगतलं असतं? मी — हे बाहेर बोलू नका हं — मी तिले जंगलात नेलं. एका सरकारी सागावर डांबरानं तिच्या कागदावरचा नंबर टाकून ठेवला होता. म्हनलं, हे पाह्य तुहं झाड. तिनं त्याले कवटाळलं जी दोन्ही हातानं! लाज वाटली मले. अजूनबी वाटते.

म्हनून हे पन्नास हजार. रिटायर झालो त्याच्यातले, सत्यशीलालेबी सांगतलं नाई. चौदा साली वीस वर्षं भरतेत — तवा मंगलीच्या हातावर लाख ठेवाचे आनि म्हनाचं, विकलं बाई तुहं झाड. सहा वर्षांत दुप्पट झाले पायजेत. म्हनून इचारून राह्यलो, फंड का ईटीएफ. हमी? कोनीच देत नाई म्हनता? हे मात्र खरं बोलले तुमी. मी देल्ली होती हमी.

काय? आजच पैसे देऊन खरं सांगून टाकू? वा! सांगनं सोपं हाये तुमाले. पोळ्याले ती तुमच्या दारात नाई येत.

तिच्या नावानं? नाई. फंड असो का डिमॅट, तिची सही आली, पॅन आलं, म्हंजे तिले सगळं सांगनं आलं. माह्याच नावानं करा, आनि मी मेलो तं तिले — हां, नॉमिनी. लिहा. मंगली वारलू उसेंडी. वय अठरा.

नातं? नातं कायले पायजे? रकाना हाये म्हनून? पुतनी लिहू म्हनता... हो, काकाच म्हनते मले. पन नका लिहू तसं. नका लिहू म्हनतो ना! मी तिच्या बापाचा एजंट होतो, देवानंदभाऊ. हे नातं बसते तुमच्या रकान्यात?

नाई ना? मंग पेन ठेवा खाली. उठा. चहा राहू द्या — उठा तुमी.