साठावा भाग

समोरच्या खुर्चीवर बसलेल्या सृष्टीने वेळ जावा म्हणून मोजले. वॉर्डाबाहेर एक बाक, त्यावर दोन म्हातारे, मध्ये पिशवीत सहा मोसंबी.

"बिराप्पा, आमच्या पलटणीचे मेजरसाब ज्यू. त्यांच्या धर्मात सांगितलंय, आजाऱ्याला भेटलं की दुखण्याचा साठावा भाग उतरतो."

"मंग साठ जण आलं की गडी खडखडीत?"

"न्हाई रं. दुसरा येतो तो उरलेल्याचा साठावा नेतो."

"म्हंजे शेवटाला थोडं ऱ्हातंयच. बरं, लालासाहेब, तुजा भाऊ आत हाय. ऊठ."

"बांधावरनं शिव्या त्यानं दिल्या. त्यानं बोलवू दे."

"तोंडात नळी हाय त्याच्या. कसा बोलवंल?"

"मग खुणावू दे. घे, मोसंबं सोल."

"आजाऱ्याची नव्हं ही?"

"त्याला साखर हाय. आरं, मेजरसाब तर दुश्मनालाबी बघायला जायचे. लय मोठा माणूस!"

"आन् तू?"

"मी हवालदार."

सिस्टर बाहेर आल्या. "भेटायची वेळ संपली. एकशेचारच्या, नळी लावलेल्या पेशंटला बघायला कुणी आलंच नाही का?"

दोघेही साली गोळा करू लागले.

दार लागले. पिशवीत मोसंबी दोन उरली होती. आत दुखणे साठापैकी साठ भाग होते.