चौकटमाय काय देते

(बंद पडलेलं सुतारकामाचं दुकान. रंध्याच्या बाकावर भावंडांनी रचलेल्या देव-राक्षसांच्या खेळाचा हाताने काढलेला नकाशा, फासे आणि लाकडी सोंगट्या. एक सोंगटी आडवी. बाकाच्या दोन बाजूंना मोठी बहीण आणि धाकटा भाऊ.)

ताई : नाही म्हणजे नाही. चौकटमाय मेलेल्याला उठवत नाही.

धाकटा : खेळ कोण चालवतं, ताई? तू की मी? कुठल्या देवाने आपल्या पुजाऱ्याला कोणती शक्ती द्यायची, ते मी ठरवतो. आजपासून चौकटमायने तुझ्या पुजारिणीला जीवदानाची शक्ती दिली. टाक फासा. मोठा आकडा आला की सरदार उठून बसेल.

ताई : फासा ठेव खाली. चौकटमाय तुझी नाही. ती तुझ्या दादाने रचली.

धाकटा : म्हणूनच तर! सरदारही दादाचाच. शेवटच्या डावात त्याला बाण लागला आणि पुढचा डाव मांडायच्या आत दादाच दवाखान्यात गेला. त्याचीच देवी त्याच्याच सरदाराला उठवणार नाही?

ताई : नाही उठवणार. आणि असलं काही केलं असतंस तर सगळ्यात आधी तोच उखडला असता. आठवतं, मी पहिल्याच दिवशी वीज मागितली होती? म्हटलं, राक्षस आला की माझ्या पुजारिणीने कडाडकन पाडावी. तर म्हणतो कसा, "ताई, चौकटीत वीज कुठून येणार? वायरमन आहे का ती?"

धाकटा : आणि मला म्हणाला, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" माझा धान्याचा देव, आणि मी त्याच्याकडे बर्फाचं वादळ मागत होतो.

ताई : केवढा फुगून बसला होतास! जेवायला हाका मारल्या तरी उठला नाहीस.

धाकटा : पण बरोबर होतं त्याचं. देव राहतो कुठे, जपतो काय, त्याला रडू कशाचं येतं, ते आधी सांग म्हणायचा. मग तो काय देईल हे विचारायलाच नको. शेवटी माझ्या देवाने काय दिलं? भुकेल्याला झोप. मी म्हटलं, हात्तिच्या! ही काय शक्ती झाली?

ताई : आणि त्याच झोपेवर आपण अख्खा किल्ला घेतला. पहारेकरी उपाशी होते बिचारे. मग मला सांग, चौकटमाय कशी राहते?

धाकटा : परीक्षा नको घेऊस माझी.

ताई : सांग रे.

धाकटा : दारात उभी असते. आत येत नाही, बाहेर जात नाही. येणाऱ्याला ये म्हणते. झालं समाधान? पुढचं नाही म्हणणार मी.

ताई : जाणाऱ्याला जा म्हणते. मागे ओढत नाही कुणाला.

धाकटा : फारच नियमाची झालीस गं एकाएकी! फासा बाकाखाली पडला की पायाने उलटवायचीस, ते विसरलीस?

ताई : उलटवायचे. आणि तो बघून न बघितल्यासारखं करायचा.

धाकटा : मग आज मी उलटवला तर कुणाचं काय जातं? सरदार उठेल, मी चालवीन त्याला. दादाच्या आवाजात बोलेन. येतो मला त्याचा आवाज. ऐक. "गड्यांनो, लाथ नंतर मारा, आधी दाराची बिजागरी बघा..."

ताई : बास!

धाकटा : जमतंय की नाही?

ताई : बास कर, बाळ्या. हात जोडते तुला. तो आवाज मला असा नको.

धाकटा : मला हवाय! तुला काय, तो गेला तेव्हा तू होतीस तिथे. त्याचा हात तुझ्या हातात होता. मी कुठे होतो? घरी, डोक्यावर पाणी ओतून घेत होतो. का, तर ताई म्हणाली, "जा, आंघोळ करून ये, एवढ्यात काही होत नाही."

ताई : हो. मीच म्हणाले.

धाकटा : का म्हणालीस?

ताई : कितीतरी रात्री तुझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. चेहरा बघवेना तुझा. डॉक्टर म्हणाले होते अजून वेळ आहे, मी ते धरून चालले. चुकलं माझं. शिलाई मशीनवर बसते, कापड सरकवते, आणि मनातल्या मनात तुला सांगत असते, थांब, जाऊ नकोस. रोज सांगते.

धाकटा : हे कधी बोलली नाहीस.

ताई : बोलणार कुणाशी? तू माझ्याकडे येणंच टाकलंस. आज आलास तो ही सोंगटी घेऊन, आणि म्हणतोस हिला उठव.

धाकटा : वहिनीने दिली. दादाचं हे दुकान आवरताना भुशात सापडली म्हणाली, तुमच्या दोघांचीच आहे, ठेवा. बघ, सरदाराचं नाक अजून वाकडंच. दादाची पटाशी घसरली होती.

ताई : आण इकडे. नकाशावर ते दार काढलंय ना, तिथे ठेवू त्याला. आडवा नको, उभा.

धाकटा : उभा? म्हणजे उठवलंसच की!

ताई : उठवलं नाही. थोपवलं. जाणारा चौकटीत आला की चौकटमाय हात आडवा धरते. दिवा जळतोय तोवरच. परत आणायला नव्हे. कुणाचं बोलायचं राहिलं असेल तर त्याने बोलून घ्यावं म्हणून.

धाकटा : ही शक्ती आपण एकदाही वापरली नाही.

ताई : तूच म्हणायचास, काय कामाची? ना राक्षस मरत, ना जखम भरत.

धाकटा : आणि दादा म्हणायचा, लागेल तेव्हा कळेल. फासा किती पडायला हवा हिला?

ताई : हिला फासा नाही. त्या फळीवर मेणबत्तीचं थोटूक आहे, ते लाव.

धाकटा : लावलं. सरदार बोलेल?

ताई : नाही. तो फक्त ऐकतो.

धाकटा : तू जरा बाहेर... नको, थांब. इथेच थांब. दादा, मी आलो रे. धावतच आलो, केससुद्धा पुसले नव्हते. तुला सांगायचं होतं, तो बाण फाशाने लागला, मी मुद्दाम नाही मारला. आणि बर्फापेक्षा झोपच चांगली होती, ते मी कधी कबूल केलं नाही तुझ्यासमोर. फार आठवण येते रे तुझी. आणि ताईवर राग नाही माझा. होता. आता नाही.

ताई : बाळ्या...

धाकटा : रडू नकोस गं. विझत आली मेणबत्ती. दार लाव आता.

ताई : पुजारीण नुसती थोपवते. दार घरच्या माणसाने लावायचं, असंच ठरवलंय त्याने.

धाकटा : तू घरचीच आहेस.

ताई : मी त्या दिवशी लावलं रे. तुझं राहिलंय.

धाकटा : जा, दादा. हळूच लावतो. बिजागरी बघितलीय मी.