अभिमन नानांच्या बावीस वह्या

सारिका : वही नाही असं म्हणू नका, नाना. अमळनेरहून एस.टी.नं उभी आलेय मी.

अभिमन : आमदारांच्या कार्यालयात वह्या पुष्कळ. आवक, जावक, निवेदनं. तुमचंही निवेदन आवकमध्ये आहे. सात वेळा.

सारिका : ती नकोय. भाऊ मयतीच्या घरी दारावर बसायला जातात, त्याची वही.

अभिमन : सांत्वनाला वही कशाला लागते?

सारिका : माझे वडील गेले, रुपचंद, सोनगीरचे. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला तुमचा फोन. कशानं गेले, किती दिवस आजारी, बिडी ओढायचे का, दवाखाना कुठला. अकरा वाजता भाऊ आले आणि आईला म्हणाले, "अक्का, आठ महिने टीबीच्या गोळ्या खाऊ घातल्या ना हो त्यांना, आणि निघालं भलतंच." आईला रडू आवरेना. गाव म्हणालं, भाऊंना एकेक मयत पाठ आहे.

अभिमन : आहेच.

सारिका : फोन मी घेतला होता, नाना. तुम्ही मधेच म्हणालात, "थांबा, पान उलटतो."

अभिमन : चहा घ्याल?

सारिका : उद्या मंत्र्यांकडे बैठक आहे. तालुक्याला छातीचं सीटी स्कॅन, आणि इथल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या अभ्यासाला निधी. वेळेत सापडला तर माणूस वाचू शकतो, एवढंच मी दोन वर्षं सांगतेय. खात्याचं उत्तर काय? "सदर तालुक्यात रुग्णसंख्या नगण्य." उद्या आकडा नसेल तर फाईल बंद.

अभिमन : मृत्यूचे दाखले असतात की.

सारिका : बघितले. दाखल्यावर सगळ्यांचं हृदय बंद पडलंय.

अभिमन : ते काही खोटं नाही.

सारिका : मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. सगळीकडे शोधून झालं. माणूस कशानं गेला हे घरोघर विचारणारं या तालुक्यात एकच कार्यालय आहे, आणि त्यात तुम्ही बसता.

अभिमन : मॅडम, भाऊ पाच वेळा निवडून आले ते रस्त्यांवर नाही. रस्ते तुम्ही येताना बघितलेत. लोकांना वाटतं, भाऊंनी आपल्या माणसाला लक्षात ठेवलं. वह्या बाहेर आल्या तर विरोधक त्यांची मिरवणूक काढतील.

सारिका : म्हणजे आहेत.

अभिमन : बावीस. वर्षाला एक.

(आतल्या दारातून आमदार धनसिंगभाऊ येतात.)

धनसिंगभाऊ : काय शे रे अभिमन? कसानी मिरवणूक?

अभिमन : भाऊ, ही सोनगीरच्या रुपचंदआबांची सारिका.

धनसिंगभाऊ : अरे, रुपचंदआबा! देवमाणूस. त्यांना ते... अभिमन?

अभिमन : टीबीच्या गोळ्या, भाऊ. आठ महिने.

धनसिंगभाऊ : आठ महिने! मी विसरतो का?

सारिका : भाऊ, उद्यासाठी मला नानांच्या वह्या हव्यात. दारावरच्या.

धनसिंगभाऊ : तू सांगी दिधं, अभिमन?

अभिमन : त्यांनी काढून घेतलं, भाऊ.

धनसिंगभाऊ : अन् वह्या दिल्यावर मना जोडे काय ऱ्हायनं? बठ्ठा तालुका म्हणेल, भाऊला काहीच आठवत नाही.

सारिका : तुमच्याजवळ आकडा राहील. महाराष्ट्रात दुसऱ्या आमदाराकडे तो नसेल.

धनसिंगभाऊ : हं. "आमच्या कार्यालयानं बावीस वर्षं केलेलं सर्वेक्षण." असं म्हणता येईल?

अभिमन : दूरदृष्टी हा शब्द घालू का?

धनसिंगभाऊ : घाल.

सारिका : खुशाल घाला. पण पहिल्या पानावर नाव नानांचं. माहिती कोणी गोळा केली हे लिहिल्याशिवाय मी पोरांचा तक्तासुद्धा तपासत नाही.

अभिमन : माझं नाव नको.

धनसिंगभाऊ : का रे, लाजस का?

अभिमन : लाज नाही. मी डॉक्टर नाही, भाऊ. लोकांनी सांगितलं ते लिहिलं. त्यात चुका असतील.

सारिका : असतीलच. मंत्र्यांना मीच सांगणार आहे, हा पुरावा नाही, इथून सुरुवात करायची. घराघरांत गादीखाली रिपोर्ट पडलेत, ते बाहेर काढून डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे. निधी त्यासाठीच तर मागतोय.

धनसिंगभाऊ : पण अभिमन, मला बोलायला चार ओळी पुरायच्या. बिडी, चुलीचा धूर, गिरणीतली धूळ, हे सगळं कोणी लिहायला सांगितलं होतं तुला?

अभिमन : कोणी नाही. एका वर्षी एकाच गल्लीत तीन बाया गेल्या. तिघी खोकून खोकून. एकीनंही कधी बिडी हातात धरली नव्हती. तेव्हापासून मी आपला विचारायला लागलो. मयतीच्या घरी आमदाराच्या माणसाला कोणी खोटं सांगत नाही. तिथे काही मिळणार नसतं.

धनसिंगभाऊ : मग मला का नाही बोललास?

अभिमन : नऊ वर्षांपूर्वी टिपण दिलं होतं. दोन पानी. तुम्ही त्याच्या मागच्या बाजूला भरीत पार्टीच्या पाहुण्यांची यादी केलीत. पार्टी चांगली झाली होती.

सारिका : नऊ वर्षं, भाऊ. माझे आबा त्यातल्या सातव्या वर्षी गेले.

धनसिंगभाऊ : अभिमन, वह्या गाडीत ठेव. बावीसच्या बावीस. आणि पोरी, नाव त्याचंच लिही. ठळक. दूरदृष्टी काढून टाक.

अभिमन : ठेवतो. उद्या मी बाहेर बाकावर बसतो, लागलं तर आवाज द्या.

धनसिंगभाऊ : बाहेर कशाला? मंत्र्यांनी विचारल्यावर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? आत बसायचं. माझ्या शेजारी.

अभिमन : बावीस वर्षांत आतली खुर्ची बघितली नाही मी, भाऊ.

धनसिंगभाऊ : मऊ असते. झोप येते. आता मी मंत्री, बोल. बिडी नाही, तंबाखू नाही, मिसरी नाही, अशा बाया किती?

अभिमन : एकेचाळीस. त्यातल्या सतरा पन्नाशीच्या आतल्या.

सारिका : आणि टीबी समजून औषध घेतलेल्या?

अभिमन : सव्वीस. सगळ्यात लहान दिपमाला. चौतीस वर्षांची. शिवणकाम करायची.

धनसिंगभाऊ : अरे, वही तर उघड. कितव्या वहीत आहे हे?

अभिमन : वह्या तुमच्यासाठी होत्या, भाऊ. मला बघाव्या लागत नाहीत.