बोलपटातलं मडं

न्हाई न्हाई न्हाई, हौशीराम म्हनून हाका मारू नगा मला, त्यो मेला! गावानं खांदा दिला त्याला, इचारा कुनालाबी... हसताय व्हय? हसा, हसा! पर तुमास्नी सांगतो, ही समदी करनी त्या बोलपटवाल्या बाईची, आन् मी पैल्या दिवशीच म्हनलं होतं, पानी कुटंतरी मुरतंय!

बाई कोन म्हनाल, तर कार्लेकरबुवांची लेक, द्वारकाताई. आता कार्लेकरबुवा ठावं न्हाईत असं सांगू नगा! आवो, नाटकात बाईचं काम करायचे ते. तळेगावात त्यांचा खेळ लागला की बापय गडी डोळं पुसत घरी यायचे, आन् बाया पदर कसा घ्यायचा ते बुवांकडं बघून शिकायच्या. माझी बायकू झुंबरबाई अजून तसाच घेती! असा बाप. आन् लेक? लेक आमच्या गावात बोलपट काढाय आली ती इजार घालून, डोक्यावर सायबाची टोपी, तोंडात शिट्टी! बापानं लुगडं नेसून नाव काढावं आन् लेकीनं इजार घालून गड्यांवर वरडावं... मला सांगा, संशय येनार न्हाई व्हय?

तिच्या मोटारीवर वाहिद डायवर, आपल्या लोनावळ्याचाच. त्याला गाठलं, इडी दिली, म्हनलं काय परकार हाय ह्यो? तर म्हनतो, "आबा, बाई लय खटपटी हाय. बुवांनी गानं शिकवाय बसवली तर ही उठून पडदं वडाय जायची. फुडं बोलपट आले, नाटक कंपनी बुडाली, बुवा घरी बसले, तवा ही कोल्लापुरात जाऊन फिल्म कापाय शिकली. मंग सोता दोन बोलपट काढले, दोन्ही आपटले. आता ह्यो तिसरा. ह्यो आपटला तर खंडाळ्याचा बंगला गेला, आन् म्हाताऱ्याला घिऊन बाई रस्त्यावर!" मी म्हनलं, आरं वाहिद, जी कापाय शिकली ती आपलीबी मान कापनार. पानी कुटंतरी मुरतंय!

तर बाईनं समद्या गावाला न्याहाळलं, आन् थांबली कुनाफुडं? माझ्या! म्हनली, "आबा, तुमचा चेहरा फार बोलका आहे हो." मी असा फुगलो! म्हनलं सरदाराचं काम असंल, निदान पाटलाचं तरी... तर म्हनती, "तुम्ही मड्याचं काम करायचं!" बोलका चेहरा आन् काम मड्याचं! आता काय बोलायचं?

बरं, मड्याला बायकू पायजे. झुंबरबाई सोमाटन्याला भावाकडं गेलती, आन् गावातली एकबी बाई कुकू पुसाय तयार हुईना. कशी व्हईल? नवरा जित्ता असताना कोन पुसंल? मंग बाईनं बापालाच हुबं केलं! साठी उलटलेले बुवा, मिशी उतरवून, लुगडं नेसून आले, आन् "अवो धनीऽऽ, मला कुनाच्या पदरात टाकून चाललासाऽऽ" असा टाहो फोडला की तिरडीवर मलाच हुंदका फुटला! बाई वरडली, "आबा, मडी रडत नसतात!" पुन्यांदा केलं. पुन्यांदा रडलो. बुवांनी असं रडावं आन् आपन गप पडावं? काळीज हाय का धोंडा?

शेवटी बाई वैतागली. म्हनली, "तोंड झाका ह्यांचं. नुसती तिरडी उचला आणि वेशीपर्यंत चला." नुसती! आवो, आमच्या गावाला मयतीत नुसतं कायबी जमत न्हाई! एकदा खांदा लागला की पाय आपसूक चालत्यात. वेस गेली, विसावा आला, तितं टेकवली, खांदं बदलले... मी आतनं वरडतोय, "आरं बास, झालं!" तर माझा पुतन्या नथू, हातात मडकं, डोळ्याला धारा, म्हनतो, "गप पडा काका, तुमाला बोलायचं काम न्हाई!" मागनं बुवा टाहो फोडत, आन् त्यांच्यामागं बाई शिट्ट्या मारत पळतीया. कोन ऐकतंय? इंद्रायनीवर नेलं, नथ्यानं मडकं फोडलं, बोंब मारली. समदं रीतसर!

आन् तवाच, नेमकी तवाच, झुंबरबाई सोमाटन्यावनं आली! बघती तर नवरा तिरडीवर, आन् त्याच्यावर एक उंच, गोरी बाई ऊर बडवून घेतीया! रडली न्हाई हो ती! पदर खवला, "ही भवानी कोन?" मी ताडकन उठलो, म्हनलं, "अगं, ही बाई न्हाई, कार्लेकरबुवा हाईत!" म्हनली, "मला येडी समजता? मला बाई कळत न्हाई व्हय?" आन् ज्या शिव्या दिल्या बुवांना... बुवांनी तिचं हातच धरलं. डोळ्यात पानी आनून म्हनतात, "पोरी, ह्या वयात मला बाई समजून शिव्या देणारी तूच! जन्माचं सार्थक केलंस!"

मिटलं म्हनता? कुटलं! अंबाजी पाटील म्हनला, "मडकं फुटलंय. हौशीराम संपला. आता पुन्यांदा जल्म, पुन्यांदा बारसं, पुन्यांदा लगीन, मंगच घरात." पाळन्यात मावंना म्हनून गव्हानीत निजवला मला. आत्ती आनली, तिला दिसत न्हाई धड, तिनं नाकातच कुर्र केलं आन् नाव ठिवलं बारकू!

बाईचा बोलपट? चालला की! पुन्यात लोकं त्या तिरडीला रडत्यात म्हनं. बंगला वाचला, बुवांचं पुन्यांदा नाव झालं, बरं झालं, म्हाताऱ्याचं कल्यान झालं... पर माझं काय? बारसं झालं तसा मुंडावळ्या बांधून गेलो घरी, म्हनलं, झुंबरे, लगीन लावू, आत घे. उंबऱ्यात आडवी हुबी! म्हनली, "मला न इचारता मेलासा, न्हवं? आता मी इचार करनार. आन् द्वारकाताई सांगून गेल्यात, सारडा कायदा आलाय, नवरदेवाला अठरा वर्सं पुरी लागत्यात. तुमाला जल्मून म्हयनाबी न्हाई!"

बघा! मी म्हनत न्हवतो, पानी मुरतंय म्हनून? आता म्हशीशेजारी निजतोय गोठ्यात. परवाच वाडदिवस झाला माझा, पैला. तिनं भाकरीवर गूळ ठिवून धाडला, आन् निरोप... "आता सतराच ऱ्हायली!"