एस्तेरचं भाषण

रविवारी सकाळी वाशीच्या बसस्टॉपवर अरुणाच्या पुढे दोन ख्रिस्ती मैत्रिणी उभ्या होत्या. त्यातल्या एस्तेरच्या गालांवर लहानपणच्या कांजिण्यांचे व्रण होते, आणि त्यांवर पावडरचा जाड थर.

"आज चर्चमध्ये भाषण कशावर गं, एस्तेर?"

"अंतरीच्या सौंदर्यावर. माहीत असून विचारतेस, रूथ?"

"झुमके माझे, साडी वहिनीची, वर अर्धा डबा पावडर! तरी देव अंतःकरण बघतो, असंच सांगणार ना?"

"देव बघतो गं. पहिल्या बाकावरच्या बायकांचं काय? हा चेहरा बघून त्या म्हणणार, बिचारी दुसरं बोलणार तरी काय!"

रूथने तिचे गाल न्याहाळले.

"मग नीट तरी लाव. डाव्या गालाला कमी पडलीय. वळ इकडे."

"खरं सांग, वाईट दिसतेय?"

"भाषण विसरलीस तर दिसशील."

एस्तेर खुदकन हसली. अरुणाने पर्समधला छोटा आरसा काढून तिच्यापुढे धरला.

"अय्या, तुम्ही ऐकलंत सगळं?"

"अख्ख्या रांगेनं ऐकलं, पोरी. चर्चमध्येही एवढ्याच मोठ्यानं बोल."