रुचिराचं खरं वय

दोन हजार चार साली रत्नागिरीच्या तहसील कचेरीत, दाखल्यांच्या रांगेत, माझ्यापुढे बापलेक उभे होते.

"बाबा, मलेशियाच्या स्पर्धेत सोळाच्या आतल्या मुलीच चालतात. मी पंधराची, नि दाखल्यावर सतरा. भारताच्या संघातनं नाव जाईल माझं."

"मीच वाढवलं गो बाय तुझं वय."

"कशाला पण?"

"शाळा खाडीपलीकडे. मोठी आठ वर्षांची झाली, तरी आई तिला एकटी होडीत बसवायला तयार होईना. सोबतीला तू हवीस, म्हणून गुरुजींना तुझी चार वर्षं सहा सांगितली."

"आणि ताई तर चौथीतच घरी बसली."

"आई मासळी विकायला जायची. धाकट्याला कोण बघणार?"

"मग मी एकटीच जायचे होडीतून. तेव्हा चाललं?"

"चालवून घेतलं."

"आता साहेब ऐकतील?"

"खोटं सांगितलं तेव्हा गुरुजींनी काहीच विचारलं नाही. आता खऱ्याला साक्षीदार मागतायत. घरात जन्मलीस, नोंद कुठली?"

"मग कोण येणार?"

"ताई निघालीय सासरहून, म्हाताऱ्या सुईणीला घेऊन. म्हणाली, माझ्यासाठी मोठी झाली ती, आता मीच येऊन तिला लहान करते."