एकट्या काकांच्या भरवशावर

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी कर्णबधिर मुलांची शाळा चालवणाऱ्या ताई आणि त्यांची मदतनीस बसल्या होत्या.

"ताई, शाळेचा सगळा खर्च काकाच उचलतात. त्यांना काही झालं तर?"

"तुझ्या जिभेला काही हाड आहे की नाही!"

"शेजारपाजारचे दरमहा थोडंथोडं द्यायला तयार होते. तुम्हीच नको म्हणालात."

"काका म्हणायचे, मी असताना दुसऱ्यापुढे हात पसरायचा नाही. त्यांचं मन कसं मोडायचं?"

"मग आता जाऊ त्या शेजाऱ्यांकडे?"

"कुठल्या तोंडाने?"

दार उघडलं. काकांच्या सूनबाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली. ताई ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

सूनबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवत म्हणाल्या, "सावरा, ताई. एवढी माया तर त्यांच्या पोटच्या मुलांनीही केली नाही."